ओलं फडकं

इंजिन उतरवायला दीड दिवस लागला.
लोणकरमामांनी साखळीला कुणाला हात लावू दिला नाही.
चार बोल्ट, मग दोन, मग तो मागचा एक,
जो दिसत नाही, बोटांनाच माहीत असतो.
मी गाडीखाली उताणी, हातात मोजपट्टी,
ऑइलचा थेंब थेट चष्म्यावर.
"पूस," म्हणाले, "शेवटचा आहे."

नऱ्ह्याच्या शेडबाहेर, भंगारवाल्याच्या काट्यावर
सगळं तोललं:
इंजिन, रेडिएटर, टाकी, सायलेन्सरची गंजकी नळी.
मी वहीत मांडत होते किती उतरलं, किती चढेल.
बॅटऱ्या डिकीत गेल्या तर गाडी मागून बसणार
हे मला कॉम्प्युटरने रात्री सांगितलं.
मामांनी दुपारीच नाना पेठेतून
जास्तीचा एक पाटा आणून ठेवला होता.

गाडी आगाशे डॉक्टरीणबाईंची.
अडुसष्टची फियाट, रंग बाईंच्या मते मोरपंखी,
आरटीओच्या मते निळा.
चाळीस वर्षं रात्रीअपरात्री हिच्यातून बाळंतपणं.
रास्ता पेठेत म्हणे कळा देणारी बाई
कोपऱ्यावर हिचा गिअर पडलेला ऐकून
अर्धी मोकळी व्हायची.

बाई नळी लावून पोट ऐकायच्या.
मामा स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून
मूठ कानाशी धरायचे.
दोघांचं आपसात फार बोलणं नव्हतं.
"आवाज बदललाय हो."
"करून देतो."
बस्स.

शेडवर येणारा प्रत्येक जण म्हणतो,
वा, म्हातारीचं हृदयच बदललंत की!
मामा वर न बघता:
"हृदयाचं राहू द्या, प्लेट अर्ध्या सुताने बाहेर आहे."
मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामधली ती बोटभर जाडीची प्लेट
तीनदा भोसरीला लेथवर जाऊन आली.
तिसऱ्यांदा मामा स्वतः घेऊन गेले,
मांडीवर, पीएमटीने.

संगम पुलाजवळच्या खिडकीत
कारकुनाने 'पेट्रोल' खोडलं.
पट्टी घेऊन, सरळ रेघेत.

आणि इंजिन
मुंढव्याला मामांच्या ओसरीत, लोखंडी घोडीवर.
दर रविवारी ते हाताने चार फेरे फिरवतात.
का, विचारलं तर
"जाम होईल ना."

चाचणीला बाईंना घेतलं.
स्वारगेटच्या सिग्नलला एक स्कूटरवाला वाकून,
"काका, बंद पडली का? धक्का मारू?"
"चालू आहे."
"मग आवाज कुठंय?"
मामा गप्प.
मागून बाई म्हणाल्या, "घरी ठेवलाय."

कात्रजचा जुना घाट.
पायथ्याशी मामांनी गाडी थांबवायला लावली,
बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं,
पिळून मांडीवर घेतलं.
मी काही बोलले नाही.
भिलारेवाडीच्या पुढच्या त्या वळणावर
हिचा पंप तापायचा, पेट्रोलची वाफ व्हायची,
आणि पंपावर ओलं फडकं टाकून
सगळी माणसं कठड्यावर बसून राहायची,
एकदा तर भोरची एक अडलेली बाई वाट बघत असताना.

ते वळण आलं. गेलं.
मी तिसऱ्यातच होते.

एवढी शांतता की खिळखिळा दरवाजा ऐकू आला,
खडी, वायपरची सैल पट्टी,
मग बाईंचा श्वास.
मला तो नुसता श्वास वाटला.
मामांनी मान तिरकी केली,
टॅपेटला करतात तशी,
एक वळणभर ऐकत राहिले.
"बाई, छाती दाखवून घ्या."
"घेते."

बोगद्यापाशी थांबलो.
मामांच्या विजारीवर ओला डाग.
त्यांनी फडकं झटकलं,
सवयीने बॉनेटवर पसरलं वाळायला,
आणि उभे राहिले.
खालून एसटी चढताना ऐकू येत होती,
दुसऱ्यात, रडत.
बॉनेट गार होतं.
फडकं काही वाळेना.