बाद डिझाइन

आमच्या घरात आरसा एकच,
मोरीच्या भिंतीवर, खालून पारा गेलेला.
म्हणून मला माझी हनुवटी
अजून नीट ओळखू येत नाही.
डोळे मात्र पाठ आहेत.

काजळाची रेघ कोपऱ्यात किती वळवायची,
डाव्या डोळ्याला थोडी जास्त का,
ते मला विचारा.
नव्या पेठेतली साठ रुपयांची लिपस्टिक
ओठाला नुसती,
गालाला व्हॅसलीन मिसळून,
पापणीवर बोटाच्या टोकानं, असेल-नसेल इतकी.
एका कांडीत मी तीन डब्या भागवते.

अम्मा दारात विड्या वळते.
तिचा गुलाबी दोरा मी चोरते, सांगून चोरते.
रंग उडालेल्या बांगडीवर तो दाट गुंडाळला
की बांगडी पुन्हा हाताला मागायला लागते.
चादरीच्या दशा कापून गोंडे,
पान कापायच्या फर्म्यावर वाकवलेली तार,
आणि फेविक्विकनं मण्याला चिकटलेलं माझं बोट,
ते त्या दिवशी डिझाइनमध्येच धरलं.

"एवढं नटून कुठं गं स्रवंती?"
समोरची नरसम्मा विचारते.
कुठं नाही वो. नळावर.
पाणी चार दिवसांनी येतंय,
त्याच्यासाठी तरी नटू नको व्हय?

मागल्या थंडीत नायनांनी कारखान्यातनं
पंच कार्डांचा एक गठ्ठा आणला, बंबात घालायला.
बाद डिझाइन.
जाड पुठ्ठा, आणि भोकं, भोकं, मध्येच कोरी जागा,
परत भोकं.
पाणी तापेपर्यंत मी तीन पानं वाचवली.
विडीच्या कात्रीनं दोन गोल कापले,
कडेला सोनेरी नेलपॉलिश, खाली गोंडा,
वर मावशीच्या मोडक्या फुलांचे हूक.
घातले. मान हलवली.
ट्यूबलाइटचा उजेड भोकांतून गळ्यावर सांडला असणार.
आरशात तेवढा भाग नाही.
धाकटी म्हणाली, "अक्का, तुला गोवर आला!"

नायना रात्री पाळी संपवून आले,
भुवयांवर कापूस घेऊन.
मागाच्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू येतं,
म्हणून आमच्या घरात
गुपितं पण ओरडून सांगतात.
ते बघत राहिले.
मी ओठ आत ओढून घेतले, उगीच.
त्यांनी हात पुढे केला. "काढ."
काढलं.

त्यांनी ते डोळ्यांपाशी नेलं नाही.
अंगठा फिरवला भोकांवरून,
एक ओळ, दुसरी ओळ, पुन्हा पहिली.
"मोराचं आहे हे," म्हणाले.
"मान वळते तिथलं.
एवढं एक पान चुकलं
तर मोराचा बगळा होतो."
विडी बांधता बांधता अम्मा थांबली.
"आता कोण घेतंय मोर," ते म्हणाले,
"सगळ्यांना चौकटी पाहिजेत."

मला वाटलं संपलं.
पण हात तसाच पुढे. "दुसरं बघू."
त्याच्यावरनं पण अंगठा फिरला,
आणि तोंडातल्या तोंडात हसले
(ते हसतात तेव्हा आवाज अजिबात नसतो):
"उलटं लावलंयस. मोर खाली बघतोय.
हूक ह्या बाजूनं घाल."

हूक काढताना पुठ्ठा जरा फाटला.
तिथं नेलपॉलिशचा एक ठिपका जास्तीचा दिला.
अम्मा म्हणाली, मला पण कर,
हलकं कर पण, कान ओघळलेत माझे.
तिसरं पान तिच्यासाठी कापलं. ते कोरंच होतं जवळजवळ,
चारच भोकं.
नायना म्हणाले, हे आभाळ.

गड्ड्याच्या जत्रेत झुमक्यांच्या गाडीवरची बाई
माझ्या पोरीला गिऱ्हाईक मिळालं असतं अशी
मान वाकडी करून बघत राहिली.
"कुठनं घेतलं गं?"
घेतलं नाही, मी म्हणाले,
घरच्या सवयीनं,
आकाशपाळण्यातल्या लोकांनाही ऐकू जाईल
एवढ्या मोठ्यानं.