सोबत कोण

रजिस्टरात रकाना होता : सोबत कोण.
मी तुझं नाव सांगितलं,
अंबादास नरसय्या चिलवेरी.
सिस्टर म्हणाली, गेटबाहेरचं नको, आत कोण ते सांगा.
मग तिनंच आडवी रेघ मारली.
आईची पेठ सील, बांबू आणि पत्रे ठोकलेले.
सासूबाई खोकत होत्या,
विडीच्या तंबाखूनं, नेहमीचंच,
पण तेव्हा खोकला म्हणजे खोकला.

मे महिना. त्रेचाळीस.
सगळे माग बंद, म्हणून शहर इतकं गप्प
की टेबलावर पडल्या पडल्या
तू गाडी स्टँडला लावल्याचा आवाज मला आला.
लिंबाखाली वॉचमननं चुन्याचे गोल आखले होते,
एका गोलात एक नवरा.

पिशवीतून तू पाठवलंस :
गरम पाण्याचा थर्मास,
कडक भाकरी आणि शेंगाचटणी (त्या वेळी कुणाला जाणार होती?)
आणि टॉवेल,
माग थांबले त्या दिवशीच्या ताग्यातला,
कडेचा धागा उडालेला, सेकंड माल,
न धुतलेला, खळीचा वास तसाच.

फोन तिनं बांधला सलाइनच्या स्टँडला, चिकटपट्टीनं.
ती म्हणजे आया असेल, सिस्टर असेल,
निळ्या प्लास्टिकात सगळ्या सारख्याच.
नावं पाठीवर मार्करनं लिहिलेली असायची.
मी तर तिच्या पुढ्यात होते.

तू म्हणत होतास, श्वास घे, श्वास घे.
तूच घेत नव्हतास.
मग नेट अडकलं आणि तू तसाच राहिलास,
एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडं,
जांभई की रडू, कळेना.
त्या तोंडाकडे बघत मी कळा दिल्या.
अम्मा म्हणून ओरडले,
शिवी मात्र मराठीत दिली, तुला.
पोचली नाही. बरं झालं.
ती कानडीत म्हणत होती,
इन्न स्वल्प, ताई, इन्न स्वल्प.
अजून थोडंच. अजून थोडंच.
हात तिचा धरलेला.
ग्लोव्हच्या आत घाम साचलेला,
मी दाबलं की तिच्या बोटांतलं पाणी
मनगटाकडे जायचं
आणि परत यायचं.

पोरगी आली.
तुझ्या टॉवेलात गुंडाळली तशी जोरात रडली,
खळ टोचली असणार.
तेवढ्यात तू हललास स्क्रीनवर
आणि विचारलंस,
अजून किती वेळ आहे?

आता चहाच्या गाड्यावर तू सांगतोस,
मी होतो की ओ, सगळं बघितलं.
दरवर्षी थोडं जास्त बघतोस.
यंदा पोरीच्या कानावरची लवसुद्धा आली.
मी काही बोलत नाही.
खोटं तरी कसं म्हणू?
तीन रात्री त्या गोलात झोपलास,
पिंढरीवर काठीचा वळ होता,
कुणी मारली ते अजून सांगितलं नाहीस.

तिला मात्र शोधते मी.
मास्क गेले आणि पंचाईत झाली.
मंगळवार बाजारात समोरच्या बाईचं
नाकाखालचं मनातल्या मनात झाकून बघते.
डाव्या भुवईत एक पांढरा केस,
एवढंच आहे माझ्याकडे.

परवा बसमध्ये वाटलं, हीच.
भुवई तीच. केस एकाचे चार झालेले.
मी बघत राहिले तशी ती हसली,
आणि तिथंच घोटाळा झाला,
ते हसू मी कधी पाहिलंच नव्हतं.
पोरगी म्हणाली, ओळखीची हाय का गं?
होय म्हटलं. नाव आठवंना.
सात रस्त्याला ती उतरली,
हातात कोथिंबिरीची जुडी, घाईघाईनं,
आणि मी खिडकीतून तिच्या पाठीकडं बघत राहिले,
काही लिहिलंय का.