गुंजभर राजा

सराफ बाजार पहाटे उघडत नाही,
पहाटे उघडते आमची केरसुणी.
दुकानांच्या पायऱ्या, फरशीच्या फटी, गटाराची कड,
कारागिराच्या मांडीखालचं तरट,
सगळं पाटीत झाडून घ्यायचं
आणि दहीपुलावरून खाली, गंगेवर.
पाणी घालायचं. परात हलवायची.
हलकं जातं, जड राहतं.
पोटापुरतं राहतं कधीकधी.

हे झारेकऱ्याचं काम आपल्याला दिलं कुणी?
लहानपणी विचारलं होतं मी.
झुंबरआत्या म्हणाली, तिरणराजाने.

पोथीत नाही हा राजा.
लेण्यांवरच्या दगडी अक्षरांत असला तर
ती वाचणारं आमच्यात कुणी झालं नाही.
आत्या नुसतं बोट करायची
पांडवलेण्याच्या डोंगराकडे,
"तिथून इथवर त्याचं अंगण."

तिरणराजा रोज अंगाला सोन्याचा लेप लावी.
भडोचचे व्यापारी घाट चढून येत
आणि जाताना तराजू इथेच टाकून जात,
कारण या राज्यात मोजायची चालच नव्हती.
राजा चाले, सोनं झडे.
मागून चाले आपली पणजीची पणजी,
केरसुणी घेऊन, वाकलेली.
संध्याकाळी धुऊन, पुडी बांधून
खजिन्यात परत.
मासाभर. रोज.

"रोज मासाभरच कसं?"
"राजा तेवढाच झडायचा."
"आणि तिने चोरलं नाही कधी?"
आत्याची परात थांबली.
"चोरलं? ऐक."

एका वर्षी मासा भरेना.
सहा गुंजा. मग चार. मग दीड.
राजा तोच, चाल तीच, भाट तेच,
पण केराला कुठे खोटं बोलता येतं?
अख्ख्या राज्यात तिला एकटीला कळलं
की खजिना तळाला लागलाय,
लेपात आता हळदच जास्त.
आणि एका संध्याकाळी परातीत
नुसती रेती
आणि राजाच्या टाचेची साल.

"मग? सांगितलं तिने?"
"दुसऱ्या दिवशी पुडी मासाभर भरली.
तिसऱ्या दिवशीही.
बारा वर्षं चाललं म्हणे राज्य."

कशावर चाललं, ते आत्या बोलली नाही.
मलाही राजाच हवा होता,
त्याचे हत्ती किती, विचारत बसलो.
"होते बाबा. पुष्कळ होते," म्हणाली,
आणि गटारातला चिखल परातीत ओतला.

त्याच साली पूर आला,
पाणी सरकारवाड्याच्या पायऱ्या चढलं.
बाजाराचा केर गंगेने आमच्याआधी धुऊन नेला.
दुकानं बंद. पंधरा दिवस.
बाप गाळ उपसून आणायचा
आणि परातीकडे बघायचाच नाही.
आत्या म्हणायची, "आण इकडे, तुझे डोळे शिणलेत."
आमच्याकडे पाठ करून उकिडवी बसायची,
खूप वेळ,
मग हाक मारायची:
"दगा, आहे रे. गुंजभर आहे."

रोज गुंजभर.
बाप हात जोडायचा नदीला.

आत्या गेली गेल्या चैत्रात.
परवा तिची पत्र्याची पेटी उघडली.
दोन लुगडी, नवसागराची डबी,
रेशनकार्ड, त्यात बापाचं नाव खोडलेलं,
एक बारीक कानस, दात झिजलेले,
आणि चिंधीत गुंडाळलेली एकच पाटली,
एका अंगाने जाड,
दुसऱ्या अंगाने नखाएवढी पातळ.

पुतण्या म्हणाला, काका, वजन करून आणू?
काटा समोरच होता, मघाच पुसलेला.
म्हटलं, राहू दे.