दहा-अठरा की अकरा-सोळा

मुजीबभाईंच्या काउंटरवर दोन लेन्स.
एक हलकी, प्लास्टिकची, दहा-अठरा.
दुसरी अकरा-सोळा, जड,
अंधारातही डोळा उघडा ठेवणारी.
किमतीतला फरक : माझे चार साखरपुडे.

"दोन्ही घेऊन जा सांजच्यापर्यंत," ते म्हणाले,
"पण मधलं नको बघूस. कोपरे बघ."

सकाळी हरंगुळच्या माळावर
दहावर एवढं आभाळ मावलं
की हरभरा उरला रेघेपुरता
आणि टेकड्या
मुंग्यांनी ओढून नेल्यागत लांब.
सगळं आत घ्यायचं
म्हणजे सगळ्याला थोडं मागं ढकलायचं,
हे खोक्यावर छापलेलं नसतं.

दुपारी गंजगोलाई.
सोळा रस्त्यांतले चार आत आले दहावर,
अकरावर साडेतीन.
अर्ध्या रस्त्यासाठी किती वेळ भांडलो स्वतःशी!

डाव्या कोपऱ्यात कौसाबाई कासारीण.
स्क्रीनवर स्वतःला बघून म्हणाली,
"माझं डोस्कं भोपळ्यावानी का रं झालंय?"
दुसरी लावली. भोपळाच,
जरा लहान.

"मावशी, जरा मधी सरका की."

"मधी कुठंय माझी जागा?
इथंच बसते मी, तीस वर्सं झाली."

मग मीच सरकलो, गुडघ्यावर बसलो.
ती मधे आली,
कोपऱ्यात गेला बँकेचा नवा मजला,
लांबुळका, वाकडा, भोपळा.

दिवे लागले.
हलकीत तिचा हात पुसट झाला;
जडीत, कुणा पोरीच्या मनगटावर चढणारी
हिरवी बांगडी न् बांगडी मोजता आली.

चार साखरपुडे.
असू देत.