डिंक

मस्कतला, रुवीत, दुसऱ्या मजल्यावर
परकारचाचांनी मागे ठेवलेलं कामगार कायद्याचं पुस्तक.
दर दुरुस्तीची एक चिठ्ठी, डिंकाने डकवलेली,
कडेला तारीख, तिरप्या अक्षरात.
काही पानं इतकी फुगलेली
की मिटलं तरी पुस्तक जबडा वासून राहतं.

चाचा दापोलीला परतले.
चिठ्ठ्या तिथेच थांबल्या.
हे कळायला घाणेकर यावा लागला,
क्रेनवरचा, अकरा वर्षांचा हिशेब घेऊन.
मी बोट ठेवून कलम वाचलं.
त्याने मान डोलावली, सही केली,
रात्रीचं विमानही पकडलं.

दोन आठवड्यांनी राजपत्र चाळताना
तेच कलम भेटलं,
केव्हाच बदललेलं, आणि त्याच्या बाजूने.

फोन लागला. मागे मिक्सर फिरत होता.
"ऱ्हाऊ द्या साहेब," म्हणाला,
"तुम्ही काय मनचं नाही सांगितलंत,
पुस्तकातलंच वाचलंत ना."

अर्ज टाकलाय. उत्तर नाही अजून.

हल्ली आधी तारीख वाचतो, मग कायदा;
लबानच्या बाटलीवरचीसुद्धा, दोनदा.
टेबलावर डिंकाची नवी बाटली आहे.
या हवेत तोंडाशी लगेच वाळतो,
रोज सकाळी टाचणीने फोडावा लागतो.