कमी दाखवणारं गेज

कॅनडा कॉर्नरच्या दवाखान्यात
यंत्राला हनुवटी टेकवून बसले, तेव्हा
चष्मा मांडीवर होता, रुमालात गुंडाळलेला,
दोन-चार दिवसांचा पाहुणा असल्यासारखा.
उणे साडेसात. चौथीपासून.
हेल्मेट काढताना एक दांडी कानातून निसटते
ती निसटतेच.
बोनस यंदा लेझरसाठी ठेवला होता.

पिवळा थेंब, निळा दिवा.
चांदवडकर मॅडम काहीच बोलेनात.
मग म्हणाल्या, दाब सव्वीस आहे.
घरात कुणाला काचबिंदू?

अण्णांना होता. आम्ही म्हणायचो
वेंधळे झालेत.
समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे,
डाव्या हाताशी ठेवलेला चहा सांडायचे.

अंधाऱ्या खोलीत हातात बटण दिलं.
ठिपका दिसला की दाबायचं.
दाबत गेले.
काही ठिपके येऊन गेले असतील
मला न सांगता.
कागदावर उजव्या डोळ्याच्या, नाकाकडच्या कोपऱ्यात
राखाडी डाग आला.
मला तिथे कधी काळोख दिसला नव्हता.
काहीच दिसलं नव्हतं, आणि ते कळलंही नव्हतं.

तरी विचारलंच : मग लेझर?

लेझरने बुबुळावरची काच पातळ होते, त्या म्हणाल्या.
पातळ काचेवरून दाब मोजला तर आकडा कमी येतो.
आत सव्वीस असेल, यंत्र वीस म्हणेल,
आणि आपण दोघी खूश.

यापुढचं त्यांनी समजावायची गरज नव्हती.
सातपूरला मी दिवसभर हेच करते.
बॉयलरची, कॉम्प्रेसरची गेजं येतात,
वजनं चढवून काटा तपासते,
किती खोटं बोलतो ते रजिस्टरात लिहिते.
जास्त दाखवणारं एक वेळ चालतं, माणूस घाबरतो, वाचतो.
कमी दाखवणाऱ्याला मी लाल पट्टी लावते.
शिफ्टवाले हुज्जत घालतात, तरी लावते.

रुमाल सोडला. चष्मा घातला.
काच नाकावर,
बिंदू रोज रात्री नऊला, एकेका डोळ्यात.
बोनसचं पुढे बघू.

शरणपूर रोडच्या सिग्नलला
आज पहिल्यांदा पूर्ण मान वळवून डावीकडे पाहिलं.
द्राक्षांच्या क्रेटचा टेम्पो,
अगदी खेटून.
कधीपासून उभा होता कोण जाणे.