बारा सिलिंडरची

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
टॉवेलच्या बंद कारखान्यामागच्या शेडात
तेहतीस वर्षं उभी आहे ती,
इटलीची, तांबडी, माझ्या कमरेलाही न लागणारी.
अंगावर कायम चादर. आमचीच,
मोराच्या नक्षीची, सेकंडचा माल.

दुधगीशेठ वर्षातून दोनदा बसायचे,
गड्ड्याच्या जत्रेआधी आणि दसऱ्याला.
बाकीचे सगळे गुरुवार माझे.
लाइट नसायची, लूम गप्प,
मी किल्ली फिरवायचो
आणि बारा सिलिंडर एकदम घसा खाकरायचे.
मी जॉबर माणूस. पुस्तक होतं, पण इटालियनमध्ये.
कुठला कार्ब्युरेटर रुसलाय
ते धोट्याच्या ठोक्यासारखं कानालाच कळायचं.

आता शेठ नाहीत. मुलगा बेंगळुरूला.
मुंबईहून एक पोरगा आलाय हातमोजे घालून.
रंगाची जाडी मोजायचं यंत्र,
दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा.
चेसिसचा नंबर वाचतो, इंजिनचा वाचतो,
फोनवर सांगतो कुणाला तरी:
एकच मालक, चार हजार दोनशे किलोमीटर,
सगळं जसंच्या तसं.
मग आकडा सांगतो.
मला वाटलं, फोन नंबर सांगतोय.

याच आवारातून गेल्या शिमग्याला
अठ्ठेचाळीस लूम गेले.
किलोवर गेले.
चौकटींवर खडूनं वजन लिहिलं होतं.
तेही चालू होते की ओ,
तेही जसेच्या तसे.

"यमुलकाका, आणखी कुणी काम केलंय का हिच्यावर?"
"नाही," म्हटलं.

डाव्या सीटच्या बुडाशी,
बोट घातलं तरच लागेल अशा जागी
उंदरानं एकदा शिवण कुरतडली होती.
बापाच्या हातमागाचा उरलेला दोरा
मेणातून ओढून
मी सात टाके घातले होते, रात्री, बॅटरी दातात धरून.

आरसा तिथवर गेला.
थांबला.
पुढे गेला.

ट्रकमध्ये चढवताना त्यांनी
स्वतःचं मऊ पांढरं कव्हर घातलं तिला,
चादर काढून, नीट घडी करून
माझ्या हातात दिली.

अजून पेट्रोलचा वास येतोय तिला.
पद्मा म्हणते, धुवायला टाका.
गुरुवारी बघू, म्हटलं.